कुंकू लागण्याआधी

शोरूममध्ये अकरा गाड्या होत्या. सगळ्या लाल सॅटिनच्या कापडाखाली, दोन रांगांत: पुढे सहा, मागे पाच. प्रत्येक गाडीसमोर एक छोटं टेबल आणि त्यावर झेंडूचा एक हार, एक नारळ, दोन लिंबं, पेढ्यांचा एक पुडा. थर्माकोलची सोनेरी किल्ली मात्र सगळ्यांत मिळून एकच होती. ती माणसाच्या उंचीची होती. एका कुटुंबाचा फोटो झाला की दोघं जण ती उचलून पुढच्या गाडीकडे नेत. माझ्या पिशवीत तीन वस्तू होत्या: टॉर्च, पाचरीच्या आकाराची एक पोलादी पट्टी आणि रंगाची जाडी मोजायचं मुठीत मावणारं यंत्र. मी सातपूरच्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करत होते. पट्टी आणि यंत्र तिथल्या सरांना विचारून आणलं होतं.

"कशाला हवंय?" सरांनी विचारलं होतं.

"ताईची नवी गाडी घ्यायला जायचंय."

"घ्यायला की नापास करायला?"

सर हसले होते. मी पिशवीची चेन लावली होती.

ही चार वर्षांपूर्वीची अक्षय तृतीया. नाशिक, एप्रिलचं ऊन, आणि गर्गे मोटर्सच्या काचांमागे सुरू असलेली रेकॉर्डवरची सनई. आम्ही चौघं होतो. आईच्या हातात पूजेचं ताट. बाबा इस्त्रीच्या शर्टात. माझी ताई, डॉक्टर शाल्मली सबनीस, आईच्या हट्टामुळे साडी नेसलेली. ती जनावरांची डॉक्टर. पेठ तालुक्यात तिचा दवाखाना आणि त्याच्या भोवतीची तीस-एक गावं. रोज घाट चढायचा, उतरायचा, पुन्हा गावागावांतून फिरायचं. तिची जुनी गाडी गियरची होती आणि क्लच जड होता. डाव्या पायानं दिवसभर क्लच दाबून ती घरी आली की आधी सोफ्यावर पाय वर घेऊन पडायची. मग कोणाशी बोलायची. इलेक्ट्रिक गाडीला क्लच नसतो. डाव्या पायाला कामच नसतं. जाहिरातीतलं बाकी काही ताईला नको होतं, तेवढंच हवं होतं, आणि त्यासाठी ती चार महिने थांबली होती.

"या, या, डॉक्टर मॅडम," आमच्या गाडीचे सेल्समन दुसाने पुढे आले. सदऱ्यावर जरीचं जाकीट, कपाळावर घाम. "आपला मुहूर्त अकरा बावीसचा. तोपर्यंत सरबत घ्या."

"कापड काढा ना," मी म्हणाले. "बघू दे गाडी."

"मुहूर्तालाच काढायचं ना, मॅडम. कापड ओढायचं, लगेच स्वस्तिक, नारळ, किल्लीचा फोटो. मग आमच्या मोठ्या मॅडम स्वतः ओटी भरतात. आपल्याकडची पद्धत आहे."

"आणि गाडी तपासायची कधी?"

"तपासलेलीच आहे," दुसाने म्हणाले. "आमच्याकडे एकशे दहा गोष्टी तपासतात."

"माझ्या चारच आहेत."

बाबा मध्ये पडले. ते हसतहसत म्हणाले, "एवढी मोठी किल्ली करून ठेवलीत आणि गाडीला म्हणे किल्लीच नाही, बटण आहे." दुसाने हसले. ते वाक्य त्यांनी सकाळपासून चार-पाचदा तरी ऐकलं असणार.

मी ती पद्धत आधी बघून गेले होते. आदल्या महिन्यात दोन शनिवार मी त्याच काचेच्या बाहेर, रसवंतीच्या बाकावर बसले होते. कापड निघालं की घरातली बाई पुढे होऊन बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायची. त्यात एक मिनिटही जात नसे. एकदा कुंकू लागलं की गाडी आपली. मग बंपरवर ओरखडा दिसला तरी लोक एकमेकांकडे बघत आणि म्हणत, जाऊ दे, सर्व्हिसिंगला करून घेऊ. कुंकू लावलेली गाडी परत करायची म्हणजे अपशकुन. दोन शनिवारांत एकानंही केली नव्हती.

"दुसाने," मी म्हणाले, "कापड आत्ता निघेल. नाहीतर आम्ही मुहूर्ताला इथे नसू."

"इरा," आईनं माझं कोपर धरलं. "आजच्या दिवशी तरी नको गं."

"काढा," ताई म्हणाली. ती दाराजवळच्या सोफ्यावर बसली होती. एवढंच म्हणाली आणि सरबताचा पेला हातात घेतला.

कापड निघालं. गाडी फिकट निळी होती, पावसाळी आभाळ उघडल्यावर दिसतं तशी. आईच्या तोंडून "अगंबाई" निघालं आणि ती सगळं विसरून पुढे गेली. तिची अनामिका कुंकवात बुडालेली होती. बॉनेटपासून बोट वीतभर राहिलं असताना मी तिचं मनगट धरलं.

"आधी मी," मी म्हणाले.

कुंकवाचा एक थेंब फरशीवर पडला. दुसान्यांनी तो बुटाच्या टोकानं पुसला.

"जरा उजेडात घ्याल का तिला?" मी म्हणाले.

"कोणाला?"

"गाडीला. दारापर्यंत आणा. इथे दिव्यांखाली सगळ्याच चांगल्या दिसतात."

दुसान्यांनी ती हळू पुढे घेतली. आवाज नव्हता, फक्त टायर फरशीवर चिकटून सुटल्याचा. काचेतून ऊन थेट बॉनेटवर पडलं.

"आता मागे न्या. पुन्हा पुढे या. सावकाश."

"मॅडम, चालते हो ती."

"चालते ते दिसतंय. कशी चालते ते बघतेय."

सोफ्यावर बाबांनी मान वर केली. त्यांना ते शब्द ओळखीचे वाटले असणार. मी ते शब्द जसेच्या तसे वापरत होते. पाच वर्षं पाठ होते मला.

त्याच्या पाच वर्षं आधीची गोष्ट अशी. ताईला बघायला एक मुलगा आला होता, अद्वैत गर्गे. घरचं टायरचं मोठं दुकान, आता गाड्यांची एजन्सी घेणार होते. त्याला ताई आवडली, ताईलाही तो बरा वाटला. दुसऱ्या वेळी त्याची आई आली, मंदाकिनी गर्गे. तिनं पोह्यांना हात लावला नाही. म्हणाली, "जरा गॅलरीपर्यंत जाऊन येतेस का, बाळा? उजेडात बघू." ताई गेली आणि आली. "आता पाणी आण बरं." ताईनं पाणी आणलं. "चपला काढ आणि पुन्हा ये. सावकाश." मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि बशा उचलायला दारात उभी होते. ती बाई ताईच्या तोंडाकडे बघतच नव्हती. फरशीकडे बघत होती. मग तिनं बाबांना विचारलं, "पूर्वी काही झालंय का हिला? पडणं, मोडणं?"

"छे हो," बाबा म्हणाले होते. "साडीची सवय नाही तिला, एवढंच."

"आम्ही कळवतो," ती म्हणाली आणि उठली.

तीन आठवडे फोन वाजला की आई आधी देवापुढे हात जोडायची आणि मग उचलायची. शेवटी स्थळ आणणाऱ्या बाईंकडून निरोप आला. मुलगी गुणाची आहे, पण चालीत फरक आहे, साडीचा काठ डावीकडे जमिनीला टेकतो. निरोप तेवढ्यावर थांबला नाही. पुढे जी तीन स्थळं आली त्या तिघांनीही आधी तेच विचारलं: चालीचं ऐकलं ते खरं का? चौथं स्थळ ताईनं येऊच दिलं नाही.

मला राग आला होताच. पण खरं सांगायचं तर रागाच्या आधी कुतूहल वाटलं होतं. नऊ वर्षांची असताना ताई गच्चीच्या जिन्यावरून पडली होती आणि मांडीचं हाड मोडलं होतं, हे मला माहीत होतं. पण मी जन्मापासून तिच्या मागे चालत आले आणि मला कधी फरक दिसला नव्हता. त्या बाईला तीन फेऱ्यांत दिसला. म्हणजे किती असेल? मी त्या रात्री टेप घेऊन ताईच्या खोलीत गेले होते. तिनं टेप खिडकीतून खाली फेकला होता.

नाशकात या गाडीची दोन शोरूम होती. दुसरं आमच्या घराजवळ होतं. गर्गे मोटर्स मी सुचवलं. बुकिंगच्या दिवशी ताईनं पाटी वाचली, "अच्छा" म्हणाली आणि आत गेली. बाबांनी पाटी अक्षय तृतीयेलाच पाहिली. "गर्गे म्हणजे...?" त्यांनी मला विचारलं. "आडनावं असतात सारखी," मी म्हणाले.

तर गाडी उजेडात उभी होती. मी पोलादी पट्टी काढली. ती एका टोकाला पातळ असते आणि दुसरीकडे जाड होत जाते. फटीत सरकवायची आणि अडकेल तिथला आकडा वाचायचा. डिकीचं झाकण आणि मागच्या उजव्या मडगार्डमधली फट साडेतीन मिलीमीटर निघाली. डावीकडची साडेसात. मी दोन्हीकडे तीन-तीनदा मोजलं. आकडे तेच आले.

"डावीकडे फरक आहे," मी म्हणाले.

"कारखान्यातूनच तशी येते, मॅडम. मापात असतं ते."

"दार उघडून मिटून दाखवा. मागचं. डावं."

दार पहिल्या वेळी मिटलं नाही. दुसऱ्या वेळी दुसान्यांनी कमरेनं ढकललं. रबराच्या पट्टीचं एक टोक बाहेर लोंबत होतं, बोटभर.

शेजारच्या गाडीचं कुटुंब आता आमच्याकडे बघत होतं. सफारी घातलेले एक गृहस्थ पेढा तोंडात धरून जवळ आले. "काय मोजताय, ताई?"

"फटी."

"असं मोजतात होय?" ते म्हणाले आणि स्वतःच्या झाकलेल्या गाडीकडे वळून बघू लागले.

दुसाने घाईनं काचेच्या केबिनकडे गेले. मला तेच हवं होतं. केबिनचं दार उघडलं आणि मंदाकिनी गर्गे बाहेर आली. मोरपंखी रेशमी साडी, अंबाड्यावर गजरा, हातात ओटीचं ताट: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. पाच वर्षांत ती थोडी जाड झाली होती. बाकी तीच.

"काय झालं गं, बाळा?" ती मला म्हणाली. तिनं मला ओळखलं नाही. मी तेव्हा बशा उचलत होते. "मुहूर्त टळतोय तुमचा. आईंनी किती हौसेनं ताट आणलंय."

"गाडीत फरक आहे, काकू. डावीकडे चार मिलीमीटर."

"चार मिलीमीटर म्हणजे किती गं?" तिनं करंगळीचं नख दाखवलं. "एवढं. गाडी पळवायला घ्यायची का पट्टी लावायला?" सफारीवाले हसले. तिला धीर आला. "अगं, कोणाला दिसतंय ते?"

"तुम्हाला दिसलं असतं," मी म्हणाले. "तुमची नजर बारीक आहे असं ऐकलंय."

तिला ते कौतुक वाटलं. ती खरंच हसली. "आता चाळिशी लागली, बाई."

मी दुसरं यंत्र काढलं. दारावर टेकवलं की टिक् वाजतं आणि आकडा दिसतो. मी आकडे मोठ्यानं वाचायला लागले. पुढचं दार एकशे अठरा. मागचं दार एकशे एकवीस. छप्पर एकशे सोळा.

"हे काय आता?"

"रंगाची जाडी. मायक्रॉनमध्ये. कारखान्यातला रंग साधारण शंभर ते एकशेतीस असतो." मी मागच्या डाव्या कोपऱ्यावर यंत्र टेकवलं. टिक्. "तीनशे बेचाळीस." हात थोडा सरकवला. टिक्. "तीनशे छप्पन्न. म्हणजे इथे वरून पुन्हा रंग मारलाय. रंग मारायच्या आधी पत्रा ठोकून सरळ केला असणार, म्हणून दार मिटत नाही." मग मी तिच्याकडे वळले आणि ते वाक्य उच्चारलं. त्याच चालीत, त्याच सावकाशपणे. "पूर्वी काही झालंय का हिला? पडणं, मोडणं?"

"काही झालेलं नाही," ती म्हणाली. "नवी कोरी गाडी आहे."

"मॅडम," दुसाने हळूच म्हणाले, "ते ट्रेलरवरून उतरवताना झालं होतं ना... तुम्हीच म्हणालात, कापडाखाली कळणार नाही, पॉलिश करून..."

"तुम्ही गप्प बसा हो."

सनई चालूच होती. शोरूममधली बाकी सगळी माणसं गप्प झाल्यामुळे ती फार मोठ्यानं वाजतेय असं वाटायला लागलं. कोणीतरी ती बंद केली.

मंदाकिनीबाईंनी ओटीचं ताट टेबलावर ठेवलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ बाळा. लहानसं लागलं होतं. भरून निघालं. आता बाहेरून बघून कळतं का? गाडी उत्तम आहे, आयुष्यभर साथ देईल."

"मग सांगायचं होतं आधी."

"असं सगळं आधी सांगत बसलं तर घेईल कोण?"

मला त्या वाक्याची अपेक्षा नव्हती. मी सोफ्याकडे पाहिलं. बाबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते आणि बुटांकडे बघत होते.

पण मी थांबणार नव्हते. एकच वाक्य उरलं होतं. तेवढं म्हणायचं, ताट उचलायचं आणि तिला तीन आठवडे फोनकडे बघायला लावायचं. कंपनीचे एरिया मॅनेजर त्या दिवशी दुपारी फोटोंना येणार होते, हेही मी काढून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं की हिनं काय सांगायचं? गिऱ्हाईक कळवणार आहे. मी तोंड उघडलं.

"थांब, इरा," ताई म्हणाली.

तिनं पेला खाली ठेवला.  ती घेते म्हणेल, मला वाटलं. चार महिने थांबली होती, सोमवारी पुन्हा घाट होता, आणि फरक तरी किती? चार मिलीमीटर आणि थोडा रंग. तिचा पाय, तिची गाडी. ती घेते म्हणाली असती तर मी काहीच बोलू शकले नसते.

ताईनं वाकून सँडल काढले. का ते कोणालाच कळलं नाही. सोफ्याच्या कडेला ते नीट जोडून ठेवले आणि ती अनवाणी चालत यायला लागली. दारापासून गाडीपर्यंत बरंच अंतर होतं, गुळगुळीत पांढरी फरशी, वर दिवे आणि बाजूनं ऊन. ती सावकाश आली. तिनं साडी वर धरली नाही. डावीकडचा काठ फरशीवर घासत होता, एक पाऊल आड, स्स, स्स, आणि त्या शांततेत तो मलाही ऐकू आला.

मंदाकिनीबाई सवयीनं खाली बघत होती. काठाकडे. मग तिची नजर हळूहळू वर आली. तिला चेहरा आठवला नव्हता. चाल आठवली.

"तू सबनीसांची," ती म्हणाली.

"हो, काकू."

"म्हणजे हे सगळं..." तिनं माझ्याकडे, यंत्राकडे, भोवती जमलेल्या लोकांकडे पाहिलं. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण ती दबली नाही. "अस्सं. सूड घ्यायला आलात होय? आणि मी तेव्हा काय चुकीचं विचारलं होतं गं? पडलीय का, मोडलंय का, एवढंच ना? हे तुझे वडील बसलेत समोर. काय म्हणाले होते ते? साडीची सवय नाही. त्यांनी तरी सांगितलं होतं का?"

बाबा उठून उभे राहिले. 

"नाही सांगितलं," ताई म्हणाली. "ते खोटं बोलले."

"मग?"

"मी समोरच उभी होते, काकू. तुम्ही मला विचारलंच नाहीत. विचारलं असतं तर सांगितलं असतं. नवव्या वर्षी पडले, मांडीचं हाड मोडलं, डावा पाय थोडा आखूड राहिला." ती गाडीकडे वळली आणि मागच्या डाव्या कोपऱ्यावरून, जिथं रंग तिप्पट जाड होता तिथून, तिनं तळहात फिरवला. तापलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "हिला विचारता येत नाही. म्हणून इरानं मोजलं."

मंदाकिनीबाईंनी टेबलावरचं ओटीचं ताट उगाच सरळ केलं.

"काकू," मी म्हणाले. माझं वाक्य अजून जिभेवर होतं. "आम्ही..."

"कळवायचं काय त्यात?" ताईनं मला तोडलं. "आत्ताच सांगून जाऊ. लोकांना ताटकळत ठेवू नये." मग ती मंदाकिनीबाईंकडे बघून, औषधाची मात्रा सांगावी तितक्या स्पष्ट आवाजात म्हणाली, "ही गाडी आम्हाला नको. तुम्ही ती मोडलेली आहे हे लपवलंत, म्हणून नको. दुसरी द्या म्हणत नाही. तुमच्याकडून घ्यायचीच नाही."

ती सोफ्याकडे परत गेली. तशीच, सावकाश. सँडल घातले. आईनं पूजेचं ताट पदराखाली घेतलं. आम्ही दाराशी पोचलो तेव्हा मागून सफारीवाल्या गृहस्थांचा आवाज आला.

"दुसाने, आमचंही कापड काढा. आणि ती उजेडात घ्या."

"साहेब, तुमचा मुहूर्त अजून..."

"मुहूर्त राहू द्या. आधी कापड."

मग सॅटिन ओढल्याचा आवाज. मग आणखी एक, मागच्या रांगेतून. मी वळून पाहिलं. मंदाकिनीबाई आमच्या निळ्या गाडीशेजारी उभी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंनी लाल कापडं फरशीवर पडत होती. कोणीतरी मोबाइलचा टॉर्च लावून बंपरखाली बघत होतं. एक बाई कुंकवाचं बोट हवेत धरून नवऱ्याला विचारत होती, "लावू का नको?" तो म्हणाला, "थांब गं जरा."

मी हे सगळं बघून घेतलं. घाई केली नाही. पाच वर्षांचं होतं ते. ताईनं हॉर्न वाजवला तेव्हा गेले.

परत येताना ताईनंच जुनी गाडी चालवली. पंचवटीच्या सिग्नलला गाड्यांची रांग होती, पुढे सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. प्रत्येक वेळी तिचा डावा पाय क्लचवर जायचा आणि तिचा जबडा किंचित आवळायचा. आता ते मला दिसत होतं. दुसऱ्या शोरूममधून गाडी यायला पुढे साडेचार महिने लागले. तोवर तिनं हाच क्लच दाबला.

"पाय दुखतोय?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. त्याआधी ती कधी हो म्हणाल्याचं मला आठवत नाही.

मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "शालू."

"बोला."

"तुझं लग्न व्हावं म्हणून बोललो होतो मी."

"माहितेय, बाबा."

"मग आज सगळ्यांसमोर कशाला..."

"खोटं होतं म्हणून," ताई म्हणाली आणि गियर टाकला. "तो बघा, तो रिक्षावाला कसा घुसतोय."

आई ताट मांडीवर घेऊन बसली होती. नारळ घरंगळू नये म्हणून तिनं त्यावर हात ठेवला होता. "आता या नारळाचं काय करू?" तिनं विचारलं.

"सोलकढी," ताई म्हणाली. बाबा आधी हसले. मग मी.

जेवणं झाल्यावर ताई साडी न बदलता हॉलमध्ये आली आणि भिंतीला पाठ लावून, अनवाणी, सरळ उभी राहिली.

"मोज," ती मला म्हणाली.

"काय?"

"पाच वर्षं मोजायचं होतं ना तुला? बुटात घालायला टाच करून घेते. अंदाजानं नको, नीट आकडा हवा."

मी टेप आणायला उठले आणि थांबले. टेपनं पाय मोजला तर कंबरेच्या हाडाची नेमकी जागा बोटानं शोधावी लागते, आणि तिथंच चूक होते. त्यापेक्षा सोपी पद्धत होती. डाव्या पायाखाली पातळ काहीतरी एकावर एक ठेवत जायचं, साडीचा काठ दोन्ही बाजूंना जमिनीपासून सारखा होईपर्यंत, आणि मग ती चळत मोजायची. सारख्या जाडीचे कडक पुठ्ठे हवे होते.

"लग्नपत्रिका आहेत," बाबा म्हणाले. त्यांनी टीव्हीखालचा खण उघडला. नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या, सात-आठ वर्षांच्या पत्रिका गठ्ठ्यानं पडून होत्या. आमच्याकडे त्या टाकत नाहीत, कारण वर गणपती छापलेला असतो.

"अरे, त्यावर पाय काय ठेवताय?" आई धावत आली. "द्या इकडे. गणपतीची पानं मी वेगळी करते." ती फरशीवर बसली आणि एकेका पत्रिकेचं पहिलं पान काळजीपूर्वक फाडून बाजूला ठेवायला लागली. उरलेला पुठ्ठा ती बाबांकडे देत होती, बाबा माझ्याकडे.

मी पहिला पुठ्ठा ताईच्या डाव्या पायाखाली सरकवला. मग दुसरा. काठाच्या दोन्ही टोकांखाली मी एकेक स्टीलची पट्टी उभी धरली होती. तिसरा, चौथा. ताई समोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

"श्वास सोड," मी म्हणाले. "ताठ नको. नेहमी उभी राहतेस तशी."

पाचवा. सहावा. बाबा फरशीवर गाल टेकवून काठाकडे बघत होते. "अजून एक," ते म्हणाले.

सातव्या पुठ्ठ्याला काठ दोन्ही पट्ट्यांवर एकाच रेषेला आला. आठवा घालून पाहिला, उजवी बाजू खाली गेली. काढला. मी ताईला उतरायला सांगितलं, सातही पुठ्ठे एकावर एक घट्ट दाबून धरले आणि जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. तीन ठिकाणी मोजलं.

सहा पूर्णांक चार मिलीमीटर.